चावीतली चिप वाचवणाऱ्या साहेबांस खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेत विकायच्या ह्युंदाई आणि किआ गाड्यांत काय बसवायचं आणि काय वगळायचं हे ठरवणारे साहेब,

तुमचं नाव कुठल्याही पोलिसांच्या फिर्यादीत नाही. तुम्ही कुणाच्या गाडीची मागची काच फोडली नाही, कुणाची गाडी लाल सिग्नल तोडून दामटली नाही. तरीही मिलवॉकी काउंटीतल्या वाहनचोरीबद्दल पत्र लिहायचं तर ते तुम्हालाच, हे मी पक्कं ठरवून बसलो आहे. त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना बोल लावणारे पुष्कळ झाले. न्यायाधीशांनी लावले, नगरसेवकांनी लावले, टीव्हीवाल्यांनी तर रोज संध्याकाळी लावले. तुम्हाला जे काही विचारलं गेलं ते वकिलांच्या भाषेत, प्रतिवादी म्हणून. म्हणून हे साध्या मराठीत आणि तोंडावर.

आधी ती काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावर मिलवॉकी काउंटी आहे. 2020 च्या जनगणनेत तिथे सुमारे 9 लाख 39 हजार माणसं होती, त्यांतली 5 लाख 77 हजार खुद्द मिलवॉकी शहरात. बाकीची माणसं वेस्ट अॅलिस, वावाटोसा, व्हाइटफिश बे, फॉक्स पॉइंट अशा लहानमोठ्या नगरपालिकांत. सगळ्या मिळून नगरपालिका 19. सरोवराकाठच्या उपनगरांत हिरवळीचे चौकोन आणि बंद गॅरेज. शहराच्या उत्तर भागात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या, जुनी दुमजली घरं आणि रस्त्याच्या कडेला रात्रभर उघड्यावर उभ्या गाड्या.

2020 मध्ये मिलवॉकी शहरात साडेचार हजारांच्या आसपास गाड्या चोरीला गेल्या. 2021 मध्ये 10 हजारांहून जास्त. एका वर्षात दुपटीहून अधिक. हजार माणसांमागे अठरा चोऱ्या, आणि त्या हजारांत तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारेही धरलेले. 2022 चा अख्ख्या अमेरिकेचा सरासरी दर हजारी तीनच्याही आत आहे, हे शेजारी ठेवून बघा. आकडा बाहेर आला तसे निष्कर्षही बाहेर आले. साथीच्या काळात शाळा बंद होत्या म्हणून पोरं मोकाट सुटली. पोलिस पाठलाग करत नाहीत. आईबापांचं लक्ष नाही. हे शहरच तसलं. चोरीचा दर हा माणसांच्या चारित्र्याचा दाखला असावा, अशा थाटात तो वाचला गेला.

आता एक साधी वजाबाकी करा. तुम्हाला ती जमते. किमतीतून सेंट-सेंट वजा करण्याचाच तर तुमचा धंदा. 2021 मध्ये मिलवॉकीत चोरीला गेलेल्या गाड्यांपैकी दोन-तृतीयांश ह्युंदाई आणि किआ होत्या. त्या बाजूला काढल्या की उरतात साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे होंडा, टोयोटा, फोर्ड, शेव्हरोले, निसान सगळ्या धरूनही 2020 च्या एकूण चोऱ्यांपेक्षा कमी! शहर तेच होतं. पोरं तीच, पोलिस तेच, शाळाही त्याच. ही पोरं जर चोरीला इतकी चटावली होती, तर त्यांनी शेजारी उभी असलेली टोयोटा का सोडली? रस्ता मोकळा होता, रात्र होती, पाळतीवर कुणी नव्हतं. सोडली, कारण ती सुरू होत नव्हती. तुमची होत होती.

ती का होत होती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी वाचकांसाठी सांगतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बनलेल्या बहुतेक मोटारींच्या चावीत एक इवलीशी चिप असते. चावी खोबणीत घातली की गाडी त्या चिपला तिचा सांकेतिक क्रमांक विचारते. तो जुळला तरच इंजिन चालू राहतं. नुसतं कुलूप तोडून, खोबण उचकटून काही उपयोग होत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही शोरूममध्ये साध्या हॅचबॅकच्या माहितीपत्रकातही हा शब्द सापडतो आणि तो वाचून कुणाची भुवई उंचावत नाही, इतका तो नेहमीचा झाला आहे.

अमेरिकेतल्या 2015 च्या मॉडेलांची गोष्ट घ्या. विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेने हिशेब मांडला, तेव्हा बाकीच्या कंपन्यांच्या 96 टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता. ह्युंदाई-किआच्या 26 टक्के मॉडेलांत. हे अंतर नजरचुकीने पडत नाही. सगळा बाजार एका दिशेने गेलेला दिसत असताना तुम्ही वर्षामागून वर्षं त्याच रकान्यात ‘नाही’ लिहीत राहिलात.

आणि तुम्हाला इमोबिलायझर बनवता येत नव्हता असंही नाही. डेट्रॉइट नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडातलं विंडसर. कॅनडाने 1 सप्टेंबर 2007 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. त्यामुळे नदीपलीकडे विकल्या जाणाऱ्या तुमच्या गाडीत तो होता. तेच नाव, तोच आकार, तेच इंजिन. नदीच्या अलीकडच्या गाडीत तो नव्हता, कारण अमेरिकेच्या केंद्रीय नियमात त्याची सक्ती नव्हती. युरोपने हा नियम 1998 मध्येच केला होता. व्हान ऊर्स आणि व्होलार्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधल्या चोऱ्यांचा अभ्यास केला. चोर जुन्या गाड्यांकडे वळले ते धरूनसुद्धा वाहनचोरी सुमारे 40 टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. म्हणजे उपाय माहीत होता, तपासलेला होता आणि तुमच्याच कारखान्यात तयार होत होता. कायदा सांगेल तिथे लावायचा आणि सांगणार नाही तिथे वगळायचा, एवढंच तुमचं धोरण.

याहून मला जास्त राग कशाचा येतो ते सांगतो. अमेरिकेतही तुम्ही तो सगळ्यांना नाकारला नाहीत. बटण दाबून सुरू होणारी महागडी आवृत्ती घेणाऱ्याला तो मिळत होता. चावी फिरवून सुरू होणारी स्वस्तातली आवृत्ती घेणाऱ्याला मिळत नव्हता. एकाच मॉडेलची दोन गिऱ्हाइकं. एकाकडे दोन-चार हजार डॉलर जास्त होते, म्हणून त्याची गाडी सकाळी जागेवर. दुसऱ्याकडे नव्हते, म्हणून जागेवर काचांचा चुरा. आपल्या गाडीत काय नाही हे त्या दुसऱ्याला कुणी सांगितलंही नाही. सीट कापडाचं की चामड्याचं हे गिऱ्हाईक हात लावून बघतं. चावीत चिप नाही हे त्याला कसं दिसणार? आणि ही स्वस्त गाडी बंद गॅरेजवाल्या उपनगरात कमी आणि उघड्या रस्त्यावर जास्त उभी राहणार, हे कळायला फार मोठी बुद्धी लागत नव्हती.

तुम्ही अशा लाखो गाड्या रस्त्यावर आणल्यात, आणि 2020 च्या अखेरीस मिलवॉकीतल्या काही पोरांना तुमचं गुपित सापडलं. एक स्क्रूड्रायव्हर आणि मोबाईल चार्ज करायची यूएसबी वायर, बस. त्यांनी एकमेकांना दाखवलं. ‘किआ बॉइज’ हे नाव पडलं. 2022 च्या उन्हाळ्यात टिकटॉकवरून ते देशभर पसरलं. विम्याच्या दाव्यांत ते लख्ख दिसतं. 2020 च्या पहिल्या सहामाहीत विमा उतरवलेल्या दर हजार ह्युंदाई-किआंमागे चोरीचे दावे होते 1.6. 2023 च्या पहिल्या सहामाहीत 11.2. शिवाय हे फक्त त्यांचेच दावे, ज्यांनी चोरीचा विमा घेतला होता. विस्कॉन्सिनमध्ये सक्ती आहे ती दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याची. स्वतःची गाडी चोरीला गेली तर भरपाई देणारा विमा ज्याला परवडतो तो घेतो. आठ-दहा वर्षं जुन्या ह्युंदाई एलांट्रावर तो बहुतेक जण घेत नाहीत. त्यांच्या गाड्या या हिशेबात आल्याच नाहीत.

दर कसा वाचावा हेही इथेच सांगायला हवं. चोरीचा नुसता प्रयत्न झाला, तरी एफबीआयच्या मोजणीत तो वाहनचोरीतच धरला जातो. वावाटोसाचा माणूस मिलवॉकीत सिनेमाला आला आणि त्याची गाडी गेली, तर चोरी मिलवॉकीच्या खात्यात पडते. माणूस मात्र वावाटोसाच्याच लोकसंख्येत राहतो. एकच गाडी सापडून परत मिळाली आणि महिन्याने पुन्हा गेली, तर चोऱ्या दोन. आणि हा दर माणसांवर काढतात, गाड्यांवर नाही. रस्त्यावर उभ्या गाड्यांपैकी किती फुसक्या आहेत, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही. भंगारवाल्याला सुटे भाग विकण्यासाठी टोळीने उचललेली गाडी आणि पोरांनी तासभर फिरवून खांबावर घातलेली गाडी, दोन्हींचा आकडा एकच. पहिल्या प्रकाराला पोलिसांनी टोळी पकडणं हा इलाज आहे. दुसऱ्याला चावीतली चिप. मिलवॉकीचा दर फुगला तो दुसऱ्या प्रकाराने, आणि इलाज मात्र सगळे पहिल्याचे सुचवले गेले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तुम्ही तर त्याही पुढे गेलात. शहरांनी तुमच्यावर दावे लावले. सिअॅटल, क्लीव्हलंड, कोलंबस, सेंट लुईस, सॅन डिएगो, न्यूयॉर्क, मिलवॉकी. या कंपन्यांनी नफ्यासाठी सुरक्षा वगळली आणि त्याचा भार आमच्यावर पडला, हे त्यांचं म्हणणं. त्यावर न्यायालयात तुमचं उत्तर काय? की ढिलं पोलिसिंग आणि ढिले खटले ही शहरांचीच चूक. की समाजमाध्यमांनी पोरांना शिकवलं. की आमच्या गाड्या केंद्रीय नियमांत बसतात. साहेब, नियमांत बसतात हे खरं आहे. म्हणूनच तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात नाही आणि सोळा वर्षांचा पोरगा आहे. पण बाकीच्या कंपन्याही त्याच देशात, त्याच पोलिसांच्या भरवशावर, त्याच समाजमाध्यमांच्या काळात गाड्या विकत होत्या ना? त्यांच्या गाड्या चोरायला शिकवणारे व्हिडिओ का नाही गाजले?

त्या पोरांबद्दल मला गोड बोलायचं नाही. दुसऱ्याची गाडी नेणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा त्यांना व्हायला हवी. ज्या परिचारिकेची पहाटेची पाळी चुकली, ज्या बाईचं पोर गाडीशिवाय दवाखान्यात नेता आलं नाही, त्यांच्यापुढे त्या पोरांची बाजू मांडायला मी उभा राहणार नाही. पण मोजदाद पूर्ण करू. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर केलं, तेव्हा या चोऱ्यांशी जोडलेले 14 अपघात आणि 8 मृत्यू तिच्याकडे नोंदले गेले होते. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत चोरीची किआ उलटून चार मुलं गेली होती, सगळी वीस वर्षांच्या आतली. विस्कॉन्सिनमध्ये ज्या पोरांना बालसुधारगृहाची शिक्षा होते, त्यांना राज्याच्या उत्तरेला, तीनेकशे किलोमीटरवर लिंकन हिल्सला पाठवतात. ती जागा इतकी बदनाम की 2018 मध्ये विधिमंडळाने ती बंद करायचा कायदा केला, आणि ठरलेली 2021 ची मुदत उलटून गेली तरी ती चालूच राहिली. आईला भेटायला जायचं तर गाडी हवी. तिचीही गाडी कदाचित तुमचीच होती.

गाडी जाणं म्हणजे काय, हे त्या शहरात राहिल्याशिवाय कळत नाही. सार्वजनिक बस आहे, पण नोकऱ्या जिथे आहेत तिथे ती फारशी जात नाही. शेजारच्या वॉकेशा काउंटीतल्या कारखान्यांत आणि गोदामांत काम मिळतं. तिथे शहराच्या उत्तर भागातून वेळेवर पोचायचं तर स्वतःची गाडी लागते. दोन आठवडे गाडी नाही म्हणजे पुष्कळदा नोकरी नाही. गाडी सापडली तर ती उचलून नेल्याचा खर्च, पोलिसांच्या आवारात ठेवल्याचं भाडं, फुटलेली काच, उचकटलेला स्टीअरिंगचा खांब. सुटे भाग महिनोन् महिने मिळेनात, कारण देशभर सगळ्यांना एकाच वेळी तेच भाग हवे होते. वर 2023 च्या सुरुवातीला स्टेट फार्म आणि प्रोग्रेसिव्ह या बड्या विमा कंपन्यांनी काही शहरांत तुमच्या काही मॉडेलांचा नवा विमाच घ्यायचं थांबवलं. म्हणजे ती गाडी ठेवता येईना, विकावी तर किंमत येईना. तुम्ही कारखान्यात वाचवलेला पैसा कुठे नाहीसा झाला नाही. तो या माणसांच्या खिशातून, दंडव्याजासकट, वसूल झाला.

मग तुम्ही काय केलंत? नोव्हेंबर 2021 पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर बसवायला सुरुवात केलीत. आधीच्या गाड्यांसाठी पोलिसांमार्फत स्टीअरिंगला लावायचे लोखंडी दांडे वाटलेत. फेब्रुवारी 2023 मध्ये सुमारे 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केलीत; तिने अलार्म अर्ध्या मिनिटाऐवजी एक मिनिट वाजतो आणि रिमोटने कुलूप लावलं असेल तर चावीशिवाय इंजिन सुरू होत नाही. ती ज्या गाड्यांत घातली गेली, त्यांच्या चोरीचे दावे निम्म्याहून खाली आले, हे 2024 च्या विमा संशोधनात दिसलं. चांगलं झालं. पण याच आकड्याने तुमचा बचाव पार मोडीत निघतो, हे लक्षात आलं का? पोलिस बदलले नव्हते, आईबाप बदलले नव्हते, टिकटॉक बंद पडलं नव्हतं. बदलली ती फक्त गाडी.

शिवाय ज्या गाड्यांना मुळात अलार्मच नव्हता, म्हणजे सगळ्यांत स्वस्त, त्यांतल्या अनेकींत ते सॉफ्टवेअर चालतच नव्हतं. पुन्हा तोच माणूस रांगेत शेवटी. आणि गाडी सुधारली आहे हे चोराला बाहेरून कसं कळणार? तो आधी काच फोडतो, खांब उचकटतो, मग कळतं. गाडी सुधारल्याचं सांगणाऱ्या काचेवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवा, असं तुम्ही चोराला सांगितलंत.

सतरा राज्यांच्या आणि राजधानी वॉशिंग्टनच्या महाधिवक्त्यांनी एप्रिल 2023 मध्ये या गाड्या परत बोलावण्याची मागणी केली. तसं करणं केंद्राने नाकारलं. मे 2023 मध्ये गाडीमालकांच्या सामूहिक दाव्यात तुम्ही सुमारे 20 कोटी डॉलरची तडजोड मान्य केलीत. गाड्या 90 लाखांच्या आसपास. गाडीमागे बावीस-तेवीस डॉलर पडले. त्या पैशांत मिलवॉकीत काच बसवून मिळत नाही. अखेर डिसेंबर 2025 मध्ये 35 महाधिवक्त्यांशी करार झाला: चावीच्या खोबणीभोवती जस्ताचं मजबूत कवच फुकट बसवून द्यायचं आणि पुढे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत इमोबिलायझर घालायचा. या कवचांचा खर्च 50 कोटी डॉलरच्या वर जाऊ शकतो, असं मिनेसोटाच्या महाधिवक्त्यांनी सांगितलं. मिलवॉकीच्या लोकांनी तुम्हाला फेडरल न्यायालयात खेचलं होतं 2021 मध्ये. ऐकायला तुम्ही चार वर्षं घेतलीत.

हे मराठीत का लिहितोय? कारण तुमच्या गाड्या आता आमच्या तळेगावात बनतात. जनरल मोटर्सचा तिथला जुना कारखाना तुम्ही घेतलात. आमच्या गावची पोरं तिथे नोकरीला आहेत. आमचीच दुसरी पोरं अमेरिकेत शिकायला जातात आणि पहिली गाडी घेताना हजार वेळा हिशेब करून जुनी एलांट्रा नाही तर किआ फोर्टे बघतात. उद्या इथेही कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी विचारणार आहे की या भागाची कायद्याने सक्ती आहे का, आणि नसेल तर काढला तर काय वाचेल. त्या बैठकीत बसणाऱ्या आमच्या माणसाला मिलवॉकी माहीत असावी.

माझ्या मागण्या तीन. इमोबिलायझर कोणत्या मॉडेलात घालायचा आणि कोणत्यात नाही, हे ज्या कागदांवर ठरलं ते कागद मिलवॉकीच्या लोकांपुढे खुले करा, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासकट. ते जस्ताचं कवच घालून घ्यायला गाडीमालकाने कामावर खाडा करून डीलरच्या दारात ताटकळायचं नाही. फिरती गाडी घेऊन तुमचे कारागीर त्यांच्या वस्तीत जाऊ देत, शनिवारी-रविवारी. आणि ज्यांच्याकडे चोरीचा विमा नव्हता, म्हणून ज्यांचं नुकसान कुठल्याच तक्त्यात आलं नाही, त्यांना शोधायचं काम तुमचं. पोलिसांकडे फिर्यादी आहेत, तारखा आहेत, गाड्यांचे क्रमांक आहेत. ते क्रमांक ज्या वहीत पहिल्यांदा लिहिले गेले, ती वही तुमच्याच कारखान्यात आहे.

उत्तर द्यायचं असेल तर वकिलाकडून नको, स्वतःच्या सहीने द्या.

— एक मराठी पत्रलेखक